शालेय ग्रंथपाल कसा असावा?

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा हे वैनगंगेच्या काठावरील प्राचीन मंदिरसमूहासाठी प्रसिद्ध आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत येथे भाविकांची रीघ लागते. यात्रा सरली की धानशेती आणि जंगल यांवर जगणारा हा परिसर पुन्हा शांत होतो. गडचिरोली आणि चंद्रपूर या वनजिल्ह्यांतील बहुतेक खेड्यांत पुस्तकांचे दुकान नसते. पाठ्यपुस्तकाखेरीज पहिले पुस्तक मुलाच्या हाती पडते ते बहुधा शाळेच्या कपाटातूनच. त्यामुळे त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न येथे शहरापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे आवश्यक आहे. ग्रंथपालाचे पद मात्र त्या अनुसूचीत नाही. लहान शाळांत हे काम एखाद्या शिक्षकाकडे अतिरिक्त प्रभार म्हणून येते. पद स्वतंत्र असो वा प्रभारी, उत्तम ग्रंथपालाच्या अंगी पुढील गुण असावे लागतात.

कुलपापेक्षा वाचक मोठा

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र ग्रंथ वापरासाठी असतात, हेच सांगते. प्रत्यक्षात अनेक शाळांतील पुस्तके कुलूपबंद राहतात. याचे कारण आळस हेच असते असे नाही. पुस्तक हरवले वा फाटले तर भरपाई आपल्याकडून होईल, ही धास्ती त्यामागे असते. चांगला ग्रंथपाल या भीतीवर नियमानेच मात करतो. दाखलनोंदवही अद्ययावत ठेवणे, देवघेवीची नोंद त्याच दिवशी करणे आणि जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वेळेवर मुख्याध्यापकांकडे सादर करणे, ही त्याची साधने होत. कागदपत्रे चोख असली की कपाट निर्धास्तपणे उघडे ठेवता येते. हाताळून फाटलेले पुस्तक निदान वाचले गेलेले असते. वाळवीने खाल्लेले पुस्तक कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

मुलाची बोली जाणणारा

या दोन जिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगाली अशा अनेक भाषा घराघरांत बोलल्या जातात. प्रमाण मराठी ही अनेक मुलांना शाळेतच भेटणारी भाषा आहे. अशा मुलाला चौथीत आहे म्हणून चौथीचे पुस्तक देणे पुरेसे नाही. त्याला चित्रमय पुस्तक द्यावे, ते वाचून दाखवावे, गोष्ट त्याच्या बोलीत सांगू द्यावी आणि मग लिहिलेल्या मजकुराकडे न्यावे, हा क्रम ग्रंथपालाला उमगला पाहिजे. ‘बालभारती’ने 1971 साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता संकेतस्थळावर वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या उपक्रमात मराठीबरोबर गोंडीतील बालकथाही मोफत मिळतात. संगणक व छपाईची सोय असल्यास अशा साहित्यातून अल्प खर्चात संग्रह वाढविता येतो.

ऋतूंचे भान

येथील शाळेचे वेळापत्रक निसर्गाशी बांधलेले आहे. पावसाळ्यात रोवणी, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या हंगामात मुले घरच्या कामात गुंततात. भामरागडसारख्या भागात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. एका विद्यार्थ्याला आठवड्यासाठी एकच पुस्तक, हा शहरी नियम येथे निरुपयोगी आहे. पूर वा सुटी येण्यापूर्वी दोन-तीन पुस्तके घरी देणे आणि दूरच्या पाड्यावर ग्रंथपेटी पाठविणे, ही लवचिकता ग्रंथपालाकडे हवी. पावसाळ्यात कपाटे भिंतीपासून थोडी दूर व जमिनीपासून उंच ठेवण्याची दक्षताही त्यानेच घ्यावयाची असते.

परिसराचा संग्राहक

आपले गाव पुस्तकात आहे, हे कळले की मूल पुस्तकाकडे ओढले जाते. मार्कंड्याच्या मंदिरांची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या पुरातत्त्वीय अहवालात आहे. 1909 सालच्या चांदा जिल्हा गॅझेटिअरमध्ये या मुलखाची माहिती सापडते. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात विदर्भातील जंगल भेटते. अशा साहित्याच्या जोडीला वर्तमानपत्रांतील कात्रणे, झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकांच्या जाहिराती आणि वृद्धांकडून मुलांनी लिहून आणलेल्या गोष्टी यांची स्वतंत्र फाईल करता येते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले. त्यामागे गावातील अभ्यासगटांची दीर्घ परंपरा होती. वनहक्क कायद्याची सोपी मराठी पुस्तिका शाळेत असेल, तर विद्यार्थी ती घरी वाचून दाखवू शकतो आणि ग्रंथालयाचा लाभ गावापर्यंत पोहोचतो.

स्वतः वाचणारा

वर्गीकरण व तालिकीकरण प्रशिक्षणाने शिकता येते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने घेता येते. परंतु ग्रंथपाल स्वतः वाचत नसेल, तर योग्य पुस्तक योग्य मुलाला सुचविणे त्याला जमणार नाही. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळांत उत्साहाने साजरा होतो. कसोटी मात्र 16 ऑक्टोबरला लागते. त्या दिवशी किती मुलांनी पुस्तक बदलून नेले, हे देवघेव नोंदवहीच सांगते. ग्रंथपालाचे खरे मूल्यमापन तेथेच होते.