पावसाचें गणित

मृगाचें पाणी पडलें कीं यवतमाळच्या काळ्या रानांत कपाशीची पेरणी सुरू होते. मग पावसानें ओढ दिली तर बियाणें वायां जातें. १९०४ सालीं हिंदुस्थानांतील वेधशाळांचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनीं देशोदेशींचा वायुभार, तपमान व पर्जन्य यांचे सहसंबंध-गुणक काढून पाऊस वर्तविण्याचा उद्योग आरंभिला. परंतु हा गुणक सरळ रेषेंतलें नातेंच मोजतो. कपाशीचेंच पाहा ना! पाऊस थोडा झाला तर पीक वाळतें, अति झाला तर बोंडें सडतात. असल्या नात्यास हा गुणक शून्यही ठरवील.

१९८८ सालीं डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनीं हिमालयाचें बर्फ, डार्विनचा वायुभार, एल् निनो असे १६ घटक घेतले आणि प्रत्येकास निराळा घातांक देऊन वक्र नात्याचें सूत्र मांडलें. तें धाडस मला आजही मोठें वाटतें. हवामानखात्यानें तें २००२ पर्यंत वापरलें. त्या वर्षीं अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता. पडला ८१ टक्के. पुढल्याच वर्षीं सूत्र बदललें. घटक पुष्कळ आणि पडताळ्यास वर्षें थोडकीं, हें त्याचें वैगुण्य. शिवाय तो आंकडा साऱ्या देशाचा; यवतमाळच्या शिवारांत कोणता आठवडा कोरडा जाईल, हें त्यांत नव्हतेंच.