दोन बोटी आणि एक टांगा

गेल्या उन्हाळ्यात लंडनहून पुतण्याचा फोन आला. "काका, तिकीट काढतोय. काकूचे गुडघे बघता या वेळी बिझनेस क्लासच काढतो. दोन कंपन्या आहेत. तुम्हीच ठरवा." एक कंपनी मुंबईहून थेट नेणार होती, दुसरी आखातात विमान बदलायला लावणार होती. थोड्या वेळाने त्याचा तक्ता आला. आसनाचा पलंग होतो का, त्याची लांबी किती, जेवण किती वेळा, विमानतळावरचा लाउंज कसा, शाकाहारी ताट आधी सांगावे लागते का, असे सगळे त्यात समोरासमोर मांडलेले होते.

आमची फुलंब्री शहराच्या उत्तरेला, सिल्लोड-अजिंठ्याच्या रस्त्यावर. इथल्या शाळेत मी तीसेक वर्षे इतिहास शिकवला. तक्ता पाहून मला जुनी सवय आठवली आणि प्रश्न पडला, की असा तक्ता नव्वद-शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसाने केला असता तर त्यात काय लिहिले असते? तेव्हा हा प्रवास विमानाने नव्हे, मुख्यतः आगबोटींनी होई. पण स्पर्धा होती, वर्ग होते, आणि निवडही करावी लागत होती.

त्या काळी मुंबईहून युरोपला जाणाऱ्यासमोर मुख्यतः दोन नावे असत. पहिले पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीला १८३७ साली टपालाचे कंत्राट मिळाले आणि पुढे साम्राज्याची टपाल व साम्राज्याचे अधिकारी यांची ने-आण हाच तिचा मुख्य धंदा झाला. दुसरे नाव लॉइड त्रिएस्तिनो. ही कंपनी १८३६ साली त्रिएस्त बंदरात ऑस्ट्रियन लॉइड म्हणून निघाली. पहिल्या महायुद्धानंतर ते बंदर इटलीकडे गेले आणि कंपनीही इटालियन झाली. एकीच्या पाठीशी लंडनचे सरकार होते, तर दुसरीच्या पाठीशी १९२२ नंतर मुसोलिनीचे. त्यामुळे तिकिटांच्या या चढाओढीला दोन राष्ट्रांच्या प्रतिष्ठेचीही धार होती.

फुलंब्रीच्या माणसाला बोट गाठायची तर आधी औरंगाबाद स्टेशन गाठावे लागे. तिथून निजामाच्या हद्दीतल्या मीटरगेज गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून जी. आय. पी. ची ब्रॉडगेज, आणि मग मुंबई. बोटी बॅलार्ड पियरवरून सुटत. तिथे बोटीला लागूनच स्टेशन होते. विलायतेहून आलेला साहेब धक्क्यावर उतरे तो थेट उत्तरेकडच्या मेलगाडीत बसे. त्याच्या प्रवासाची सोय सरकारनेच लावलेली होती. १९२४ च्या ली कमिशनने वरिष्ठ सेवांतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना सेवाकाळात चार वेळा परतीच्या प्रवासाचा खर्च देण्याची शिफारस केली होती. पी. अँड ओ. चा प्रथम वर्ग कोणासाठी बांधला गेला, हे त्यातून कळते.

आता प्रत्यक्ष बोटी पाहू. 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ही पी. अँड ओ. ची मानाची बोट १९२९ मध्ये चालू झाली. वजन १९,६४८ टन. प्रथम वर्गाचे ४१५ आणि द्वितीय वर्गाचे २५८ उतारू. वाफेच्या टर्बाइनवर वीज निर्माण करून विजेच्या मोटारींनी तिचे पंखे फिरत, त्यामुळे थरथर कमी होई. आत पोहण्याचा तलाव होता, आणि धूम्रपानाची खोली जुन्या स्कॉटिश गढीच्या दिवाणखान्यासारखी सजवली होती. ही अंतर्गत सजावट कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांची कन्या एल्सी मॅके यांनी योजली होती. बोट पाण्यात उतरण्याआधीच, मार्च १९२८ मध्ये, अटलांटिक महासागर विमानाने ओलांडण्याच्या प्रयत्नात त्या बेपत्ता झाल्या. आगबोटीचे वैभव सजवणाऱ्या बाईंचा जीव विमानाच्या ओढीने गेला, ही गोष्ट मला त्या युगाची खूण वाटते.

इटालियन बाजूला १९३१ ची 'व्हिक्टोरिया' होती. वजन फक्त १३,००० टनांच्या आसपास, पण डिझेल इंजिने आणि वेग विलक्षण. 'व्हाइसरॉय' १९ नॉटची, तर 'व्हिक्टोरिया' चाचणीत २३ नॉटच्या आसपास धावली. प्रथम वर्गाच्या भोजनगृहात वातानुकूलन होते. तांबड्या समुद्रातून गेलेल्या माणसालाच त्याची किंमत कळावी. दुसरी 'कोन्ते रोस्सो', १८,००० टनांची, फ्लॉरेन्सच्या कोप्पेदे बंधूंनी सजवलेली. गंमत अशी, की ही इटालियन दिमाखाची बोट आणि 'व्हाइसरॉय' या दोघी एकाच क्लाइड नदीकाठच्या, ग्लासगो परिसरातल्या गोद्यांत बांधलेल्या. मालकांची भांडणे होती, पण सुतार-लोहार एकाच गावचे.

'पॉश' हा शब्द आपण मराठीतही वापरतो. त्याची एक लोकप्रिय कथा याच बोटींशी जोडलेली आहे: इंग्लंडहून येताना डावीकडची आणि जाताना उजवीकडची खोली सावलीची, म्हणून महाग, त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे पॉश. या व्युत्पत्तीला कागदाचा पुरावा मिळालेला नाही. पण सावलीची गोष्ट खोटी नाही. अरबी समुद्रात पश्चिमेकडे निघालेल्या बोटीची उजवी बाजू उत्तरेला येते. म्हणजे इंग्रजाची 'घरी परतायची' बाजू हीच आपल्या विद्यार्थ्याची 'परदेशी निघायची' बाजू.

पी. अँड ओ. च्या भोजनगृहात वाढणारे हात बहुधा गोव्याचे असत. मुंबईत धोबीतलावाच्या 'कुडां'मध्ये राहून ते पुढच्या बोटीची वाट पाहत. डेकवर राबणाऱ्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते. म्हणजे त्या वैभवशाली बोटीवर आपली माणसे नेहमीच होती. ती कोणत्या दाराने आत येत आणि कुठे झोपत, एवढाच फरक.

आता दोन्ही कंपन्यांच्या बोटींनी गेलेले उतारू. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी पी. अँड ओ. च्या 'राजपुताना'ने निघाले, द्वितीय वर्गाने. त्या बोटीवर दोनच वर्ग होते, त्यामुळे सर्वांत खालचा वर्ग तोच. ११ सप्टेंबरला ते मार्सेयला उतरले आणि रेल्वेने दुसऱ्या दिवशी लंडनला पोहोचले. बोट जिब्राल्टरला वळसा घालून जाई, म्हणून मार्सेयला उतरले की सुमारे आठवडा वाचे. परतताना त्यांनी लॉइड त्रिएस्तिनोची 'पिल्स्ना' घेतली. १४ डिसेंबरला ब्रिंदिसी सोडले, २८ डिसेंबरला मुंबई. ब्रिंदिसी मार्सेयपेक्षा जवळ असूनही चौदा दिवस लागले, कारण 'पिल्स्ना' जुनी आणि संथ होती. कंपनीचे नाव पाहून भागत नाही, त्या दिवशी नेमकी कोणती बोट आहे ते पाहावे लागते. पुतण्यालाही मी हेच कळवले, की कंपनी राहू दे, त्या दिवशी विमान कोणते आहे ते बघ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजी पहिल्या गोलमेज परिषदेसाठी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'नेच निघाले. २६ मे १९३२ ला ते 'कोन्ते रोस्सो'ने गेले. जातीय निवाडा व्हायचा होता आणि लंडनला पोहोचण्याची घाई होती. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला तिसऱ्या परिषदेसाठी 'व्हिक्टोरिया'. परिषद १७ तारखेला सुरू व्हायची होती, त्यामुळे एकेक दिवस मोलाचा. १४ नोव्हेंबरला बोट पोर्ट सैदला होती. मुंबई ते एडन सुमारे १,६५० सागरी मैल, एडन ते सुवेझ सुमारे १,३००, आणि पुढे कालवा. सात दिवसांत एवढे अंतर म्हणजे थांबे धरूनही सरासरी १८ नॉट. 'व्हिक्टोरिया'ची कीर्ती खरी होती, असे हा हिशेब सांगतो.

ती तारीख आपल्याला नेमकी ठाऊक आहे, कारण त्या दिवशी बाबासाहेबांनी बोटीवरून एक पत्र लिहिले. पुणे करारानंतर नुकत्याच निघालेल्या अस्पृश्यता निवारण संघाचे चिटणीस ठक्करबाप्पा यांना लिहिलेले हे पत्र त्यांच्या समग्र लेखनात आहे. एकेका माणसाला व्यसनमुक्ती, स्वच्छता शिकवत बसण्यापेक्षा भोवतालची परिस्थिती बदला, असा त्याचा गाभा. संघाने गावोगाव नागरी हक्कांसाठी मोहीम उघडावी, असे ते सुचवतात, आणि ते हक्क मोजून देतात: गावविहिरीचे पाणी, शाळेत प्रवेश, चावडीवर प्रवेश, आणि सार्वजनिक वाहनांत बसण्याची मोकळीक.

शेवटच्या कलमाशी मी थांबलो. त्या काळच्या सर्वांत वेगवान बोटींपैकी एकीवर बसलेला माणूस सार्वजनिक वाहनात बसण्याचा हक्क मागतो. का, याचे उत्तर आमच्या औट्रम घाटाखाली, चाळीसगावात आहे.

१९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. धुळ्याकडून परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावर टांगे होते, पण एकही टांगेवाला त्यांना नेईना. शेवटी लोकांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक बसवला. त्याला सवय नव्हती. मोरीवरून जाताना घोडा बुजला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. बॅरिस्टर असलेल्या सरकारी समिती-सदस्याला स्टेशनापासून वस्तीपर्यंत नेणारे वाहन मिळाले नाही. पुढच्याच वर्षी ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'वर होते.

दुसरी घटना आणखी जवळची. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळ आणि दौलताबाद पाहायला आले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेले टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथे हातपाय धुतले. एक वृद्ध ओरडत आला, की यांनी टाके बाटवले. गर्दी जमली. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर प्रवेश मिळाला, आणि लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. फुलंब्रीहून तासाभराच्या वाटेवरची ही जागा. 'व्हिक्टोरिया'च्या प्रवासाला तेव्हा फार काळ झाला नव्हता. चाळीसगाव आणि दौलताबाद या दोन्ही हकिकती त्यांनी ज्या आठवणींत लिहिल्या, त्यांना आज 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ओळखले जाते. परदेशात जायला लागणाऱ्या परवान्याचे नाव स्वदेशातल्या आठवणींना लागले.

त्या बोटींचे पुढे काय झाले? 'राजपुताना' एप्रिल १९४१ मध्ये बुडाली, 'कोन्ते रोस्सो' त्याच वर्षीच्या मे महिन्यात, 'व्हिक्टोरिया' जानेवारी १९४२ मध्ये आणि 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' नोव्हेंबर १९४२ मध्ये. ब्रिटिश बोटी जर्मन पाणबुड्यांनी बुडवल्या, इटालियन बोटी ब्रिटिशांनी. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि पंधरवड्याचा प्रवास दीड दिवसाच्या आत आला. फुलंब्री तेव्हाही निजामाच्या राज्यात होती. भारतात यायला आम्हाला आणखी तीन महिने लागले. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढचे मिलिंद. मी तिथेच शिकलो. फुलंब्रीहून एसटीने जायचो, मिळेल त्या सीटवर बसून.

पुतण्याला मी शेवटी थेट जाणारे विमान सांगितले. काकूला मध्येच उतरून चालायला नको. तक्त्यात आणखी काही भरायचे आहे का, असे त्याने विचारले. मी म्हटले, "विमानाचे पुरे झाले. पण परत आल्यावर स्टेशनापासून घरापर्यंत कोण नेतो, हा रकाना पूर्वीच्या एका तक्त्यात फार महत्त्वाचा होता." त्याला ते कळले नाही. म्हणून हा लेख.