रत्नागिरीचा किनारी रस्ता (सायकलमार्ग)

रत्नागिरी जिल्ह्याच्या पश्चिम कडेने, उत्तरेस सावित्री नदीवरच्या बाणकोट खाडीपासून दक्षिणेस जैतापूर खाडीपर्यंत जाणारा, गावागावांतून वळत जाणारा रस्ता. सरकारी नोंदींत त्याचा मोठा भाग रेवस–रेड्डी सागरी महामार्गात मोडतो. अवजड वाहतूक फारशी नाही, बहुतेक ठिकाणी रुंदी एका एसटीला समोरचा टेम्पो जपून ओलांडू शकेल एवढीच आणि एका हाताला सतत समुद्राची सोबत. त्यामुळे महाराष्ट्रात सायकलवरून लांब पल्ल्याने फिरण्यासाठी याच्या तोडीचा दुसरा सलग मार्ग क्वचितच सापडेल.

हा रस्ता शांत राहण्याचे खरे कारण खाड्या आहेत. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी आणि राजापूरची अर्जुना या नद्या सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि मुखाशी रुंद खाड्या करतात. पूर्वी किनाऱ्यावरची ये-जा पाण्यातूनच चाले. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर अशी बंदरे घेत जाई, आणि एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसे तरीतून उतरत. पुढे मुंबई–गोवा महामार्ग झाला तो नद्या जिथे अरुंद आहेत तिथून, म्हणजे किनाऱ्यापासून बराच आत, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर असा. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच गेली. लांबचा ट्रक आणि घाईतली मोटार या दोन वाटांनी निघून जाते. किनाऱ्यावर उरतात गावची एसटी, रिक्षा, मासळीचे टेम्पो आणि हंगामात आंब्याच्या पेट्यांच्या गाड्या. मुंबईहून गोव्याकडे किनाऱ्याने सलग रस्ता असावा, ही कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. ती अजून अर्धवट आहे, आणि सायकलस्वाराला जी शांतता मिळते ती या अपुरेपणातूनच.

भूरचना समजून घेतल्याशिवाय या रस्त्यावर निघू नये. किनारा नकाशात सपाट दिसतो, प्रत्यक्षात तो जांभ्याच्या सड्यांचा आहे. सडा म्हणजे समुद्रापासून थोड्याच उंचीवरचे जांभ्या कातळाचे विस्तीर्ण पठार. त्यावर झाड विरळ, माती जेमतेम. खाडी आली की रस्ता सड्यावरून वळणे घेत खाली उतरतो, माडपोफळींच्या आगरातून, गडग्यांच्या मधून पुलावर येतो आणि पूल संपताच पुन्हा चढाव सुरू. एकेक चढ सह्याद्रीतल्या घाटाच्या मानाने लहान, पण दिवसभरात असे अनेक येतात आणि त्यांतले काही फार उभे असतात. सपाट रस्त्यावर दिवसाला शंभर किलोमीटर सहज करणाऱ्याने इथे साठ-सत्तरच धरावेत. हलका गिअर आणि चांगले ब्रेक यांवाचून इथे भागत नाही. उतारावर वळणापलीकडे गुरे, शाळेची पोरे किंवा रस्त्यावर वाळत घातलेले काहीही असू शकते, म्हणून वेगाला आवर हवा.

रत्नागिरी शहरातून दक्षिणेकडे निघणारा भाग सर्वांत समृद्ध. राजिवड्याची मच्छीमार वस्ती ओलांडून काजळी नदीवरचा भाट्ये पूल लागतो. पलीकडे भाट्येचा लांब किनारा, सुरूचे बन आणि प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र. फणसोप, कसोप मागे टाकून रस्ता गोळपच्या सड्यावर चढतो. इथपर्यंत रहदारी बऱ्यापैकी असते, कारण शहराकडे रोज ये-जा करणारी माणसे आणि गोळपजवळच्या फिनोलेक्स कारखान्याची अवजड वाहने याच रस्त्याने जातात. हा टप्पा सकाळी लवकर पार पाडलेला बरा. वीस किलोमीटरांच्या आत पावस येते. गौतमी नदीकाठच्या या गावी स्वामी स्वरूपानंदांचे (१९०३–१९७४) समाधिमंदिर आहे, आणि पुण्यामुंबईकडची बहुतेक वाहने इथेच थांबतात.

पावसच्या पुढे रस्त्याचा स्वभाव बदलतो. गणेशगुळ्याचा फाटा डावीउजवीकडच्या आमराईंत हरवल्यासारखा आहे. कलमांच्या बागांना जांभ्याचे गडगे, मध्येच एखादे काजूचे रान, आणि चढाच्या माथ्यावर आले की एकदम उघडा समुद्र. मुचकुंदीच्या मुखाशी टेकडीवर पूर्णगडाचा छोटा किल्ला उभा आहे. पायथ्याशी सायकल ठेवून वाडीतल्या पाखाडीने वर जाता येते, आणि तटावरून खाडीचे मुख, वाळूचा दांडा आणि पुढचा सगळा चढ एका नजरेत दिसतो. पूल ओलांडला की गावखडीचे सुरूबन. दुपारचा मुक्काम करण्यासाठी संपूर्ण मार्गावर यापेक्षा चांगली सावली मी तरी सुचवणार नाही.

गावखडीहून कशेळीचा चढ लागतो. कशेळीचे कनकादित्य मंदिर हे कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. रथसप्तमीचा उत्सव इथे मोठा होतो. शिलाहार राजा दुसरा भोज याने शके १११३ मध्ये, म्हणजे इ.स. ११९१ साली दिलेल्या ताम्रपटात या गावाचा उल्लेख येतो. पण त्याहून कितीतरी जुनी माणसे या सड्यावर वावरली होती. कशेळीच्या कातळावर कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे, आणि त्याच्या आकृतीत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. कशेळी, देवीहसोळ, रुंढे तळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण ही रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पांची ठिकाणे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. सायकल हे ती पाहण्याचे उत्तम साधन आहे, मात्र ती रस्त्यावरच सोडावी. कातळ कठीण वाटला तरी जांभा चाकाखाली झिजतो, आणि उथळ कोरीव रेषा एकदा पुसली की ती कायमची गेली. कशेळीनंतर आडिवरे. तिथले महाकालीचे मंदिर हे या पंचक्रोशीचे श्रद्धास्थान. इथून एक वाट आत देवीहसोळमार्गे राजापूरकडे वळते, दुसरी नाटे, यशवंतगड आणि जैतापूर खाडीकडे जाते. आंबोळगडचा किनारा नाट्याच्या बाजूला थोडी वाकडी वाट करून पाहता येतो.

शहराच्या उत्तरेचा रस्ता अधिक प्रसिद्ध आहे. शिरगाव, बसणी, काळबादेवीचा फाटा, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे असा हा सुमारे २५ किलोमीटरांचा मार्ग. महामार्गाने निवळीवरून गेले तर अंतर जवळजवळ दुप्पट पडते. आरे-वारे दरम्यान रस्ता टेकडीच्या कुशीतून जातो, खाली दोन खाड्यांच्या मुखांवर पूल, सुरूची दाट रांग आणि पांढरी वाळू. कोकणच्या किनाऱ्याची जी छायाचित्रे सर्वत्र दिसतात त्यांतली बरीच इथली असतात. याच प्रसिद्धीमुळे शनिवार-रविवारी, नाताळात आणि मे महिन्यात इथे मोटारींच्या रांगा लागतात. सायकलसाठी हा रस्ता आठवड्याच्या मधल्या वारी, उजाडताना घ्यावा. गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड, कवी केशवसुतांचे जन्मगाव. तिथे त्यांचे स्मारक आहे. पुढे उंडी, रीळ, नांदिवडे अशी वळणे घेत जयगड येते. जयगडहून निवळीकडे जाणारा रस्ता बंदर आणि वीजप्रकल्पाच्या ट्रकांचा आहे, तो टाळलेला बरा.

जयगडला शास्त्री खाडी फेरीबोटीने ओलांडून तवसाळला उतरतात आणि गुहागर तालुका सुरू होतो. रोहिले, नरवण, हेदवी, पालशेत, असगोली ही गावे या वाटेवर. हेदवीचा दशभुजा गणेश आणि समुद्राकाठची बामणघळ यांसाठी अर्धा दिवस ठेवावा. भरतीच्या वेळी घळीतून उसळणारे पाणी उंच उडते, पण काठाशी जाणे धोक्याचे. वेळणेश्वरला मुक्कामाची सोय आहे. गुहागरच्या पुढे अंजनवेल, वेलदूर आणि धोपावे. धोपावे–दाभोळ फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली आणि तिने चिपळूणचा मोठा वळसा वाचवला.

दापोली तालुक्यात कोळथरे, बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरुड, हर्णै, आंजर्ले, आडे, पाडले, केळशी अशी किनाऱ्याची माळच लागते. चढ इथे सर्वांत जास्त आहेत. हर्णैचा मासळीचा लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशीची महालक्ष्मी, आणि मंडणगड तालुक्यात नाना फडणवीसांचे वेळास हे थांबे कोणीही घेतोच. वेळास आणि आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात. शेवटी वेसवीहून बागमांडल्याला जाणारी फेरीबोट रायगड जिल्ह्यात पोहोचवते.

दिशा आणि ऋतू यांचा विचार आधी करावा. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारचा खारा वारा साधारणपणे वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेल्याला तो पाठीशी मिळतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा हलका असतो. मोठे चढ त्याच वेळी उरकावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर उघडा कातळ तापतो आणि सड्यावर सावली नसते. पावसाळ्यात रस्त्याच्या कडांवर शेवाळ धरते, पऱ्हे रस्त्यावरून वाहतात, दरडी येतात. तरीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडीप साधून एखाद्या दिवसाची छोटी फेरी जरूर करावी, कारण तेरडा, गेंद आणि सीतेची आसवे यांनी सडे तेव्हाच रंगतात.

फ्रान्सचा दाखला इथे उपयोगी आहे. तिथे अटलांटिक किनाऱ्याने ब्रिटनीतल्या रॉस्कॉफपासून स्पेनच्या सीमेवरच्या आंदाईपर्यंत १२०० किलोमीटरांहून लांब ‘व्हेलोदिसे’ हा सायकलमार्ग आखलेला आहे. त्यातला सगळा भाग नव्याने बांधलेला नाही. कालव्यांकाठच्या वाटा, बंद पडलेले लोहमार्ग आणि कमी रहदारीचे ग्रामीण रस्ते जोडून, फाट्याफाट्यावर पाट्या लावून तो सिद्ध केला आहे. रत्नागिरीत रस्ते आहेत, फेरीबोटी आहेत, दर दहा-पंधरा किलोमीटरांवर जेवणाची सोय असलेले गाव आहे. फाट्यावर सायकलस्वाराला योग्य बाजू दाखवणारी पाटी तेवढी नाही. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने सागरी महामार्गासाठी बाणकोट, दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्यांवर पूल उभारण्याचे काम हाती घेतले आहे. किनाऱ्यावरच्या रुग्णाला आणि विद्यार्थ्याला हे पूल हवेतच. मात्र पूल झाले की लांबची वाहतूक किनाऱ्यावर येईल, आणि ती वाड्यांमधल्या जुन्या अरुंद रस्त्यावर आली तर हा मार्ग सायकलसाठी संपेल. म्हणून रुंद रस्ता गावांबाहेरून न्यावा, जुना रस्ता न रुंदावता संथ वाहनांसाठी राखावा, आणि हा निर्णय पूल वापरात येण्यापूर्वी व्हावा.

मार्गावर येण्यासाठी रत्नागिरी हे रेल्वे स्थानक सोयीचे. ते शहरापासून आत, कुवारबावच्या बाजूला आहे. दापोलीसाठी खेड स्थानकावर उतरून घाटरस्त्याने जावे लागते. सायकल रेल्वेच्या सामानडब्यातून नोंदवून आणता येते. मुक्कामाला घरगुती निवास जवळजवळ प्रत्येक किनारी गावात मिळतो, आदल्या दिवशी कळवले तर जेवणही. पंक्चरचे दुकान मोठ्या गावांत असते, पण गिअरच्या सायकलीचे सुटे भाग मिळण्याचा भरवसा नाही; जादा ट्यूब, पंप आणि साखळीची कडी सोबत ठेवावी. रत्नागिरी आणि दापोली येथे सायकलस्वारांचे क्लब आहेत, आणि रस्त्याची ताजी स्थिती त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते.