सशाच्या खुराकात तेल वाढवले तर पिल्ले वाढतात का?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात जवस घरचे पीक आहे, तर मोहाचे तेल गावोगावी निघते. मग पाळीव सशांच्या मादीला तेलबिया दिल्या तर ती जास्त पिल्ले देईल का? थोडक्यात उत्तर असे: योग्य तेलाचा फायदा पिल्लांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जगण्यात जास्त दिसतो.

आधी एक फरक

ताडोबाच्या जंगलात दिसणारा ससा आणि पिंजऱ्यातला ससा वेगळ्या प्रजातींचे आहेत. जंगली ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून तो पकडता किंवा पाळता येत नाही. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव सशाचे मूळ युरोपातले. त्याची पिल्ले उघडी, डोळे मिटलेली आणि पूर्णपणे आईच्या दुधावर अवलंबून असतात.

मादीवर ताण कधी येतो?

मादी ३० ते ३२ दिवसांत विते. ती पिल्लांना साधारणपणे दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटेच पाजते. त्यामुळे दूध दाट असावे लागते. गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के स्निग्धांश असतो, तर सशाच्या दुधात १२ टक्के किंवा त्याहून जास्त. एवढे दूध देताना खाणे पुरले नाही तर मादी स्वतःच्या अंगावरची चरबी वापरते. अशी खंगलेली मादी पुन्हा नराजवळ नेली तर गाभण राहण्याची शक्यता घटते.

तेलाने काय होते?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ मध्ये सशांच्या खुराकात २ टक्के स्निग्धांश सुचवला होता. दूध देणाऱ्या मादीला यापेक्षा थोडा जास्त दिल्यास दूध वाढते आणि पिल्ले चांगली पोसतात. पण वाढीव ऊर्जा बहुतांशी दुधात जाते, त्यामुळे मादीची झीज पूर्ण थांबत नाही.

उलट, गाभण नसलेल्या मादीला जास्त तेल दिल्यास ती लठ्ठ होते. लठ्ठ मादी गाभण राहायला त्रास देते. विण्याच्या सुमारास तिला विषबाधेसारखा आजार होऊन ती दगावूही शकते.

जवस की मोह?

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते. शरीर या घटकाचा वापर प्रजननाशी संबंधित संप्रेरके बनवण्याच्या प्रक्रियेत करते. म्हणूनच सशांवरील अनेक प्रयोगांत जवस वापरले गेले. काहींत फायदा दिसला, काहींत फारसा फरक पडला नाही.

एक किलो खुराकात ३० ग्रॅम जवस मिसळले तर साधारण १० ते १२ ग्रॅम तेल वाढते, म्हणजे जेमतेम १ टक्का. कच्च्या जवसात सायनाइड तयार करणारे घटक असतात. म्हणून ते भाजून, भरडून, थोडेच द्यावे. भरडलेले जवस लवकर खवट होते. ते ताजेच वापरावे.

मोहाच्या तेलात ओमेगा-३ जवळपास नसते. मोहाच्या ढेपेत सॅपोनिन नावाचे कडू, विषारी घटक असतात. ही ढेप सशांना देऊ नये.

उन्हाळ्याचे काय?

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सशाला १५ ते २५ अंश मानवतात. उकाड्यात मादी कमी खाते आणि नराचे वीर्यही कमकुवत होते. तेल पचताना तुलनेने कमी उष्णता निर्माण होते, म्हणून थोड्या खाण्यातून जास्त ऊर्जा मिळते. पण सावली, वारा आणि थंड पाणी नसेल तर तेल कामाला येत नाही.

लक्षात ठेवण्यासारखे

- सशाचे मुख्य अन्न तंतुमय चारा. तेल त्याची जागा घेऊ शकत नाही.
- वाढीव स्निग्धांश दूध देणाऱ्या मादीलाच द्यावा.
- बदल आठवडाभरात हळूहळू करावा. शेण पातळ झाले तर थांबवावा.
- मादीच्या पाठीच्या कण्यावर हात फिरवून पाहावे. हाडे टोचली तर ती खंगली आहे, अजिबात लागली नाहीत तर लठ्ठ आहे.
- प्रमाण ठरवण्यापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.