स्लॅबवरचा मांडव

वैशाखातल्या उकाड्याची गोष्ट दिवाळीत कशाला, असे वाचक म्हणतील. पण आमच्या श्रीवर्धनच्या बाजूस पावसाळा सरला, अंगण चोपून-सारवून झाले, की मांडवाचे खांब पुरण्याची वेळ हीच.

आमचे घर आजोबांनी बांधलेले. जांभ्याच्या जाड भिंती, पुढेमागे पडवी, वर माळा आणि त्यावर मंगलोरी कौले. ही कौले कोकणची म्हणून आपण मिरवतो. पण १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासूनची ती. त्यापूर्वी कुंभाराची नळीची कौले, नाहीतर गवत. आजची परंपरा ही एके काळची विलायती टूमच होती!

पण ती आमच्या घरांना मानवली. पडवीमुळे भिंतीला ऊन लागत नसे. कौल तापे, पण त्याची धग माळ्यावर अडे आणि गरम हवा फटींतून निघून जाई. सूर्य मावळला, की पातळ कौल थोड्याच वेळात निवे. अंगणात झावळ्यांचा मांडव, मागे शिंपलेली पोफळीची वाडी, रात्री जमिनीकडून येणारा मतलई वारा. घाम यायचाच, कोकणात तो कोणाला चुकला आहे? पण झोप लागे. मृगापूर्वी मांडव उतरवीत आणि झावळ्या चुलीला लागत. उन्हाळ्यापुरती गरज, उन्हाळ्यापुरतेच छप्पर.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आईला मध्ये घेऊन आम्ही माजघरात बसलो होतो. दुपारच्या दोन-तीन तासांत कौले पाचोळ्यासारखी गेली आणि वाडी आडवी झाली. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. गवंडी म्हणाला, "मास्तर, कौलं उडतात. स्लॅब उडत नाही." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. मी स्लॅब घातला.

पुढच्या वैशाखात त्याचा दुसरा गुण कळला. काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहते आणि काही तासांनी, नेमके निजायच्या वेळी, ते खाली सोडते. रात्री अकरा वाजता आई म्हणाली, "वर कुणी चूल पेटवलीय का रे?" आणि घरात एसी आला. घरोघरी असेच एसी, पंखे आणि कूलर चालू राहून ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. दुपारी सौरवीज हातभार तरी लावते. रात्रीचा मुख्य भार कोळशावर. म्हणजे दिवसाचे फुकट ऊन साठवून रात्री कोळसा जाळायला लावणारे छप्पर मी हौसेने घातले.

पुन्हा कौले घाला, असे मी कोणाला सांगणार नाही. वानरे आहेत, दरसालची शाकारणी आहे आणि तिला माणूस मिळत नाही. गेल्या वर्षी मी स्लॅबला चुन्याचे दोन हात दिले आणि त्यावर पुरुषभर उंचीचा, मधून वारा खेळेल असा झावळ्यांचा मांडव घातला. एसी बंद झाला नाही. पण पहाटेपर्यंत चालणारा आता झोप लागेपर्यंत पुरतो.

गाठी मात्र सुंभाच्या, ओढताच सुटणाऱ्या मारल्या आहेत. वादळाची वर्दी आली, तर तासाभरात सगळे खाली यायला हवे. यंदाचे बांबू परवाच येऊन पडले आहेत आणि खांब कुठे हवेत, हे आई ओटीवरून सांगते आहे.