उलटी गणती आधी पडद्यावर झाली

अग्निबाण सोडताना आकडे उलटे मोजायची रीत एका मूकपटातून आली. फिल्म सोसायटीत काम करताना मला हे कळलं, आणि तेव्हापासून श्रीहरिकोट्याचं उड्डाण टीव्हीवर बघताना दर वेळी जुनं बर्लिन आठवतं.

चित्रपट ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे चंद्रावरची बाई. बर्लिनमध्ये 15 ऑक्टोबर 1929 रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. कादंबरी आणि पटकथा त्याची तेव्हाची पत्नी थेआ फॉन हार्बो हिची. 1927च्या ‘मेट्रोपोलिस’मधली धातूची यंत्रबाईही हिच्याच कथेतली.

चित्रपटातला चंद्र आज पटत नाही. तिथे माणसं मोकळी हवा घेतात, सोनं शोधतात. पण उड्डाणाचा भाग मी पुन्हापुन्हा बघतो. उंच शेडमधून उभं यान रुळांवरून हळूहळू बाहेर येतं. त्याचे टप्पे एकामागून एक गळून पडतात. वेगाचा दाब सोसावा म्हणून प्रवासी आडवे झोपतात, आणि वजन नाहीसं झाल्यावर तरंगू नये म्हणून जमिनीवरच्या पट्ट्यांत पाय अडकवतात. गागारिनच्या उड्डाणाला तेव्हा तीसहून अधिक वर्षं होती!

हे जमलं ते हर्मान ओबर्थमुळे. ट्रान्सिल्व्हेनियातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा हा मास्तर. अग्निबाणावरचा त्याचा प्रबंध हायडेलबर्ग विद्यापीठाने नाकारला होता. तो त्याने 1923 साली पुस्तकरूपाने छापला. स्टुडिओने त्याला सल्लागार म्हणून बोलावलं आणि जाहिरातीसाठी खराखुरा अग्निबाण बनवायचं कामही दिलं. प्रयोगात स्फोट होऊन तो जखमी झाला. अग्निबाण काही उडाला नाही. पण इंजिनाचं काम पुढे चालू राहिलं, आणि 1930 साली त्याच्या चाचणीत हाताखाली होता 18 वर्षांचा वर्नर फॉन ब्राउन, पुढे नावाजलेला अग्निबाणतज्ज्ञ.

गणती मात्र लांगची. पुढे तो सांगत असे की एक, दोन, तीन असं मोजत गेलं तर यान नेमकं कधी सुटणार हे प्रेक्षकाला कळत नाही. शून्याकडे मोजत आलं तर थिएटरातला प्रत्येक जण श्वास रोखून तो क्षण ओळखतो. मूकपट असल्याने आकडे पडद्यावर लिहून येतात, आणि शेवटी ‘आता!’. गोष्ट रंगवण्यासाठी केलेली ही युक्ती पुढे खऱ्या तळांवर कामाची शिस्त होऊन बसली, हे मला विज्ञानकथेचं फार मोठं यश वाटतं.

त्याला एक काळी बाजूही आहे. चित्रपटातल्या यानाचं नाव ‘फ्रीडे’, म्हणजे शांती. 3 ऑक्टोबर 1942 रोजी जर्मनीतल्या पेनेमुंडेहून व्ही-2 अग्निबाण पहिल्यांदा यशस्वीपणे उडाला, तेव्हा त्याच्या अंगावर चंद्रावर बसलेल्या बाईचं चित्र रंगवलेलं होतं. दोन वर्षांत हेच अस्त्र लंडन आणि अँटवर्पवर पडू लागलं. ते बनवताना छळछावणीतले हजारो कैदी मेले.

हार्बोची गोष्टही अशीच अवघड आहे. 1933 साली लांगशी घटस्फोट झाला. तो जर्मनी सोडून गेला, ती राहिली आणि नाझी पक्षाची सदस्य झाली. त्याच काळात तिने बेळगावकडच्या आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी गुपचूप लग्न केलं होतं. पुढे तेंडुलकर भारतात परतले. तेंडुलकरांच्या मुलीने, लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी, हा इतिहास इंग्रजी पुस्तकात लिहिला आहे. भारतावर कादंबरी लिहिणाऱ्या या बाईने भारत कधी पाहिला नाही. 1954 साली बर्लिनमध्ये ती गेली.

तिचं राजकारण माफ करावं असं मी म्हणत नाही. तिच्याविषयी लिहिताना ते लिहिलंच पाहिजे. पण यंत्रबाई आणि चंद्रयान या दोन्ही गोष्टी तिच्या लेखणीतून आल्या, आणि आपण त्या सर्रास ‘लांगचे चित्रपट’ म्हणून दाखवतो. फिल्म सोसायट्या चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या खेळाच्या पत्रकावर लेखिकेचं नावही दिग्दर्शकाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.