लेथ टूल बिट

लेथ टूल बिट हे लेथवर फिरणाऱ्या जॉबवरून धातूची चिप काढणारे एकबिंदू कर्तन हत्यार आहे. कारखान्यांत आता बहुतांशी कार्बाइडचे तयार इन्सर्ट वापरले जातात. छंद म्हणून धातुकाम करणाऱ्यांत मात्र हाताने धार दिलेले हायस्पीड पोलादाचे (एचएसएस) बिट टिकून आहेत.

पार्श्वभूमी
साध्या कार्बन पोलादाची धार सुमारे २०० ते २५० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागते. फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेतील बेथलहेम स्टील कंपनीत विकसित केलेले हायस्पीड पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवण्यात आले. ते सुमारे ६०० अंशांपर्यंत कठीणपणा राखते. छंदिष्टांसाठीचे 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक त्याआधीच, १८९८ मध्ये, लंडनमध्ये सुरू झाले होते.

निवड
लहान लेथची मोटर कमी शक्तीची आणि बैठक लवचीक असते. अनेक कार्बाइड इन्सर्टची धार किंचित बोथट ठेवलेली असते व त्यांना वेग आणि दाब जास्त लागतो. अशा यंत्रावर तीक्ष्ण एचएसएस कमी बळात कापते, म्हणून नवशिक्याने इन्सर्टचा संच घेण्यापूर्वी ६ किंवा ८ मिमीचे कोरे बिट व बेंच ग्राइंडर घेणे अधिक उपयुक्त ठरते.

धार देणे
प्रथम बाजूचा, मग पुढचा पृष्ठभाग घासून दोन्हींना सुमारे ८ ते १० अंशांचा क्लिअरन्स कोन देतात. क्लिअरन्स नसेल तर धारेखालचा भाग जॉबवर घासतो आणि बिट कितीही तीक्ष्ण असला तरी कापत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते. त्यानंतर वरच्या पृष्ठभागाला रेक कोन देतात. तो मृदू पोलादासाठी सुमारे १० ते १५ अंश, ॲल्युमिनियमसाठी त्याहून अधिक व पितळेसाठी जवळपास शून्य असतो. पितळेवर रेक जास्त असल्यास हत्यार जॉबमध्ये ओढले जाते. शेवटी टोकाला अल्प गोलाई देऊन तेलदगडावर धार साफ करतात.

बिट निळा पडला की वाया गेला, हा समज कार्बन पोलादाच्या काळातला आहे. एचएसएसला त्या तापमानाने बाधा येत नाही; उलट लालसर तापलेला बिट एकदम पाण्यात बुडवल्यास धारेला सूक्ष्म तडे जाऊ शकतात.

धार लेथच्या मध्यरेषेवर बसवावी लागते. फेसिंग करताना मध्यभागी घुंडी उरल्यास उंची चुकली असे समजतात.

सुरक्षितता
एचएसएससाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक वापरतात. कार्बाइडसाठी हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे. चाक व टेकू यांतील फट ३ मिमीपेक्षा जास्त नसावी, कारण तीत बिट अडकून चाक फुटू शकते. संरक्षक चष्मा अनिवार्य आहे. हातमोजे मात्र घालू नयेत, ते चाकात ओढले जातात. नवे चाक बसवण्यापूर्वी हलकेच ठोकून पाहतात. तडा नसल्यास स्वच्छ नाद येतो. या चाकावर ॲल्युमिनियम घासल्यास त्याची छिद्रे भरून ते निकामी होते.